पाळणाघराचे दुसरे दार



वैशाखातली संध्याकाळ, समोर गोदावरी, आणि दिवसभर तापलेली पटांगणाची फरशी अजून निवायची आहे. अशा वेळी काव्यावर किंवा गायनावर बोलणारा वक्ता मिळावा, अशी श्रोत्यांची इच्छा असणे स्वाभाविक आहे. फलकावर माझ्या विषयाचे नाव वाचून एक स्नेही मला म्हणाले, "अहो, हा वैशाखवणवा काय कमी आहे, म्हणून तुम्ही आणखी आगीवर बोलायला निघालात?" मी त्यांना एवढेच म्हटले की, माझी सारी नोकरी अग्निशमन खात्यात गेली; मला दुसरे काही येत नाही. परंतु मी आज आगीवर बोलणार आहे, असेही पुरतेपणी म्हणता येणार नाही. मी बोलणार आहे एका दारावर.

आपल्यांपैकी जे साठीच्या पुढचे आहेत, त्यांना पाळणाघर म्हणजे काय, हे लहानपणी ठाऊकच नव्हते. पंचवटीतल्या किंवा भद्रकालीतल्या वाड्यात मूल आजीच्या मांडीवर असे, आजी पूजेला बसली की काकूच्या कडेवर असे, आणि काकूला काम लागले की अंगणात असे. आज सातपूरच्या किंवा अंबडच्या कारखान्यात, इस्पितळात, बँकेत, महाविद्यालयात नवरा-बायको दोघेही कामाला जातात. आजी गावी असते, किंवा स्वतःच आजारी असते. म्हणून पाळणाघर ही आता चैन राहिलेली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पुष्कळ बायका कामाला असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवणे बंधनकारक केले. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. हे सर्व चांगलेच झाले. पण आपल्या गावातली बहुतेक मुले कारखान्याच्या पाळणाघरात जात नाहीत. ती जातात गल्लीतल्या एखाद्या काकूंच्या घरी, नाही तर एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, जेथे दोन सदनिका एक करून भिंतींवर ससे आणि हत्ती रंगवलेले असतात. तेथे सरकारी तपासनीस सहसा पोचत नाही. पोचतात ते आईबाप. तेही सकाळी सोडताना आणि संध्याकाळी नेताना, दोन्ही वेळा घाईत.

गेल्या वर्षी माझ्या नातीसाठी पाळणाघर शोधण्याची वेळ आली. सूनबाईंनी मला बरोबर घेतले. मी चार ठिकाणी हिंडलो आणि त्या हिंडण्यातूनच हे व्याख्यान तयार झाले आहे.

चारही ठिकाणी आमच्यासारखेच आलेले दुसरे पालक भेटले. ते काय विचारतात, हे मी कान देऊन ऐकत होतो. महिन्याचे पैसे किती, जेवणात काय देता, झोप किती वेळ घेऊ देता, कॅमेरा आहे का, तो आम्हाला मोबाइलवर दिसेल का. प्रश्न सारे योग्यच. एकानेही मात्र विचारले नाही की, हे पुढचे दार जर धुराने भरले, तर मुले कोठून बाहेर काढाल?

मोठ्या माणसांची आग आणि लहान मुलांची आग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोठा माणूस धूर दिसला की पळतो. वर्षाचे मूल पळत नाही. त्याला उचलावे लागते. तीन-चार वर्षांचे मूल पळू शकते, पण ते भीतीने पलंगाखाली, कपाटाच्या मागे, न्हाणीघरात जाऊन लपते. आगीपासून लपता येते, असे त्याला वाटते. बागुलबोवापासून लपतो तसे. आमच्या खात्यात नवा मनुष्य आला की त्याला शिकवतात, लहान मूल असलेल्या घरात आधी पलंगाखाली हात घाल. आणि दुसरी गोष्ट अशी की, जीव बहुधा ज्वाळा घेत नाही, धूर घेतो. पूर्वी गादी कापसाची होती, चटई शिंदीची होती. आज फोमच्या गाद्या, रबरासारख्या रंगीत चटया, प्लास्टिकचे चेंडू, नायलॉनचे पडदे आणि थर्मोकोलची सजावट. या वस्तू पेटल्या की काही मिनिटांतच खोली काळ्या विषारी धुराने भरते, आणि तो धूर मुलाच्या इवल्या छातीत मोठ्या माणसाच्या छातीपेक्षा लवकर भिनतो.

आपल्याच राज्यातले उदाहरण सांगतो. ते पाळणाघराचे नाही, परंतु फार जवळचे आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्रीनंतर, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. कक्षात सतरा अर्भके होती. सात जणांना बाहेर काढता आले. ती कक्षाच्या दुसऱ्या भागात होती. दहा गेली. सरकारने त्या वेळी जी माहिती दिली, तीप्रमाणे त्या दहांपैकी तीन भाजून गेली आणि सात धुराने गुदमरून. हे आकडे वाचले, त्या दिवशी मी जेवलो नाही. त्या बाळांच्या आया त्याच इमारतीत होत्या. आई हाकेच्या अंतरावर असली तरी मधला धूर ओलांडता येत नाही.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण ते थेट पाळणाघराचे आहे, म्हणून सांगणे भाग आहे. मेक्सिको देशात एर्मोसिओ नावाचे शहर आहे. तेथे एका जुन्या गुदामात पाळणाघर चालत होते. ५ जून २००९ रोजी दुपारी, मुले झोपलेली असताना, शेजारच्या गुदामातली आग छपरातून या बाजूला आली. एकोणपन्नास मुले दगावली. आतून बाहेर पडण्याचे मार्ग इतके अपुरे होते की, एका तरुणाने आपली मोटार भिंतीवर पुनःपुन्हा आपटून भगदाडे पाडली आणि त्यांतून मुले बाहेर काढली. लक्षात घ्या, त्या पाळणाघराची सुरक्षिततेची तपासणी जेमतेम दहा दिवसांपूर्वी, २६ मे रोजी झालेली होती, आणि ते तपासणीत उत्तीर्ण झाले होते. आपल्या देशात १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातली ठिणगी गवती छपराला लागली आणि चौऱ्याण्णव मुले गेली, तेही आपणांस स्मरत असेल.

या तीन ठिकाणी आग लागण्याचे कारण तीन तऱ्हेचे: एके ठिकाणी रुग्णालयातली यंत्रसामग्री, एके ठिकाणी शेजारी, एके ठिकाणी चूल. मूल मरण्याचे कारण मात्र एकच, ते वेळेत बाहेर आले नाही. म्हणून पालकाने आग कशाने लागेल याचा विचार जरूर करावा, पण त्याआधी मूल बाहेर कसे येईल, ते पाहावे.

आता आमच्या हिंडण्याकडे वळतो.

पहिले पाळणाघर मोठे देखणे होते. तिसरा मजला, वातानुकूलित खोल्या, प्रत्येक खोलीत कॅमेरा. जिना एकच. जिन्याच्या पायथ्याशी साऱ्या इमारतीचे विजेचे मीटर, आणि त्यांच्याखाली विजेवर चालणारी एक स्कूटर चार्जिंगला लावलेली. जिन्यात प्रत्येक वळणावर चपलांची कपाटे आणि पुस्तकांची खोकी. मी मनाशी म्हटले, आग लागायला आणि तिला वर चढायला यापेक्षा सोयीची जागा नाही. जिना म्हणजे धुरांडेच की! वर पोचलो तर दाराला आतून कुलूप. किल्ली ज्या ताईंकडे होती, त्या दुसऱ्या मुलांना शाळेतून आणायला गेल्या होत्या. आम्ही जाळीच्या अलीकडे आणि मुले पलीकडे, असे दहा मिनिटे उभे होतो. ताई आल्यावर मी विचारले, "समजा, खाली मीटर पेटले, तर तुम्ही काय कराल?" त्या बाईंनी अतिशय प्रामाणिकपणे उत्तर दिले, "लगेच सगळ्या पालकांना फोन करू."

हसू नका. कुलूप लावायला त्यांना कोणी सांगितले, ठाऊक आहे? पालकांनीच. एक मूल एकदा जिना उतरून खाली गेले होते; तेव्हापासून पालकांचा आग्रह की, कुलूप हवे. गॅलरीला आणि खिडक्यांना पक्की जाळी हवी. आणि त्यांचे तरी काय चुकले? मूल रस्त्यावर जाईल, गॅलरीतून पडेल, ही भीती रोजची आहे. आगीची भीती कधीतरीची. रोजच्या भीतीपायी आपण कधीतरीच्या भीतीला मुलासकट कोंडून ठेवतो. वास्तविक या दोन्ही भीतींवर एकच साधा उपाय आहे. दाराला कुलपाऐवजी मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, आतून बिनकिल्लीची उघडणारी कडी बसवावी. मुलाचा हात तिला पोचत नाही, बाईचा पोचतो. खिडकीच्या जाळीतला एक भाग बिजागरीवर उघडणारा करून घ्यावा, त्यालाही तशीच कडी. लोहाराला याला अर्धा दिवस लागतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणाविषयी फार बोलत नाही. एक जुन्या वाड्यात माडीवर होते, लाकडी जिना, लाकडी तक्तपोशी. माणसे लाख मोलाची, पण जागा मुलांची नव्हे. दुसऱ्या ठिकाणी प्रमाणपत्रे भिंतीवर चौकटीत लावलेली होती आणि त्यांच्या शेजारी टांगलेल्या आग विझवण्याच्या नळकांड्याचा काटा लाल पट्ट्यावर उतरलेला होता. म्हणजे आतला दाब केव्हाच गेलेला. नळकांडे असेल तेथे काटा हिरव्या पट्ट्यावर आहे ना, ते पाहावे. आणि मग तेथल्या बाईंना विचारावे की, ही पिन कोणत्या बाजूने ओढतात? त्या चटकन दाखवतील, तर तुमचे अर्धे काम झाले. त्या म्हणाल्या "ते साहेबांना माहीत", तर ते नळकांडे शोभेचे समजावे.

येथे कायद्याचे दोन शब्द. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो, तेथे आगीची यंत्रणा सुस्थितीत राखणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे आणि तसे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत व जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे लागते. मोठ्या इमारतीतले पाळणाघर असेल, तर इमारतीच्या संस्थेच्या सचिवांकडे या प्रमाणपत्राची चौकशी जरूर करा. कोणी रागावणार नाही. रागावले, तर तेही एक उत्तरच आहे. पण एर्मोसिओचा तो २६ मे विसरू नका. कागद जानेवारीचा असतो, खोकी जिन्यात मार्चमध्ये येतात.

चौथे ठिकाण आम्ही पसंत केले. एका काकूंच्या जुन्या बैठ्या घरात तळमजल्यावर अठरा मुले. भिंतींवर ससा नाही, हत्ती नाही. कॅमेरा नाही. सूनबाई प्रथम थोड्या नाराज होत्या. मी म्हटले, "कॅमेरा तुम्हांला कचेरीत बसून धूर दाखवील, दार उघडून देणार नाही." तळमजला ही माझ्या दृष्टीने पहिली गोष्ट. जे मूल चालत नाही, त्याला जिना उतरवायला एक माणूस अडकतो. तळमजल्यावर तेच माणूस तेवढ्या वेळात दोन फेऱ्या करते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला मुलांच्या अंगणातच शाळा नेली. त्यामागचा विचार शिक्षणाचा होता, आगीचा नव्हता. पण मूल अंगणाच्या जवळ असावे, हे मला माझ्या बाजूनेही पटलेले आहे.

मी तेथे मुद्दाम दुपारी दोन वाजता गेलो. पाळणाघर पाहायचे तर ते सकाळी दहाला पाहू नये. तेव्हा सगळे जागे असतात, सगळ्या बाया कामावर असतात, खेळणी मांडलेली असतात. दुपारी दोनला मुले झोपलेली असतात, एक बाई जेवायला बसलेली असते, एक बँकेत गेलेली असते. एर्मोसिओची मुले त्याच वेळी झोपलेली होती. काकूंकडे त्या वेळी अठरांपैकी पाच मुले मुळीच न चालणारी होती, आणि मोठी माणसे दोन: काकू आणि त्यांची मदतनीस. एका बाईच्या दोन कडांवर दोन मुले, म्हणजे एका फेरीत चार. पाचव्यासाठी दुसरी फेरी. आणि चालणाऱ्या तेरांना तोवर कोण धरणार? मी हे गणित काकूंपुढे कागदावर मांडले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "भाऊ, तेरा नाही, बारा. तो एक गाढ झोपतो. त्यालाही उचलावेच लागेल."

मग मागचे दार पाहिले. दार होते, त्याच्यासमोर शीतकपाट होते. आठ वर्षे ते दार उघडलेले नव्हते. स्वयंपाकाचा गॅस मुलांच्या झोपण्याच्या खोलीला लागून, मधे नुसता पडदा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत पसरतो, आणि आपली मुले जमिनीवरच झोपतात. देवघरात समई तेवत होती, पलीकडे डासांची उदबत्ती, तिच्यापासून हातभर अंतरावर नायलॉनची मच्छरदाणी.

येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. जुन्या सवयीने मी साहेबी आवाजात एकेक दोष मोजू लागलो, आणि काकूंचा चेहरा उतरला. त्या बाईंचे घर या मुलांवर चालते. मी परीक्षक म्हणून उठून गेलो असतो, तर त्या सोळा-सतरा इतर मुलांसाठी काहीच बदलले नसते; माझी नात तेवढी दुसरीकडे गेली असती. सूनबाईंनी वेळ सावरली. त्या म्हणाल्या, "काकू, आमचे मामंजी असेच बोलतात. आपण दोघी मिळून करू." आणि त्यांनी आणखी पाच-सहा आयांना जमवले. शीतकपाट दुसऱ्या भिंतीला गेले. गॅसच्या खोलीला पडद्याच्या जागी दार बसले, आणि रात्री जसे नळीचे बटण बंद करतात तसे ते दुपारी झोपेच्या वेळीही बंद करायचे ठरले. उदबत्ती गेली, खिडक्यांना बारीक जाळी आली. समईला काचेची चिमणी आली आणि ती उंच फडताळावर गेली. विजेच्या फळीवर गळती झाल्याबरोबर प्रवाह तोडणारे यंत्र बसवले. एक भुकटीचे नळकांडे घेतले. पैसे सगळ्या पालकांनी वाटून दिले; एकाने कुरकुर केली, पण दिले.

माणसे मात्र विकत आणता येत नव्हती. त्यासाठी काकू स्वतःच शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे आणि समोरच्या शिंपीदादांकडे गेल्या. घंटा वाजली की दोघांनी हातातले काम टाकून मागच्या दाराशी यायचे, असे ठरले. इस्त्रीवाल्याने आपण होऊन सांगितले, "मी निघताना इस्त्रीचे बटण बंद करूनच येईन." त्याला आमच्या खात्यात घ्यायला हवा होता.

महिन्यातून एकदा सराव होतो. मुलांना त्याचे नाव आगीचा सराव असे सांगितलेले नाही. त्यांचा तो आगगाडीचा खेळ आहे. (नावात आग आलीच, त्याला इलाज नाही.) काकू घंटा वाजवतात, मदतनीस एक लांब दोरी आणते, तिला हातहातभर अंतरावर गाठी मारलेल्या आहेत. प्रत्येक मुलाने आपली गाठ धरायची आणि गाडी मागच्या दाराने निंबाच्या झाडापर्यंत न्यायची. न चालणारी मुले दोघा पाहुण्यांच्या आणि काकूंच्या कडेवर. झाडाखाली काकू हजेरीच्या वहीतून नावे वाचतात. पहिल्या वेळी साडेचार मिनिटे लागली आणि एक मूल हजेरीत कमी भरले. ते कपाटामागे बसून हसत होते. तेव्हापासून मदतनीस सर्वांत शेवटी निघते, आणि निघताना पलंगाखाली, कपाटामागे आणि न्हाणीघरात पाहून, आपल्या मागे दार ओढून घेते. बंद दार धुराला पुष्कळ वेळ थोपवते. आता सारे पावणेदोन मिनिटांत होते. आणि झाडाखाली पोचल्यावर पहिला फोन पालकांना नव्हे. तो १०१ किंवा ११२ ला. गॅसचा वास आला, तर आत एकही बटण न दाबता बाहेर येऊन १९०६ ला.

आपणांपैकी कोणाला आपल्या पाळणाघरात असा सराव बसवायचा असेल, तर शिंगाडा तलावाजवळच्या अग्निशमन केंद्रात जाऊन विचारावे. १९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटात सहासष्ट अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात आमचे लोक शाळाशाळांतून हिंडतात. पाळणाघरातून त्यांना क्वचितच कोणी बोलावते.

एक गोष्ट राहिली. काकूंचे ते मागचे दार सागवानी आहे, जुने आहे. गेल्या पावसाळ्यात ते फुगले आणि श्रावणातल्या सरावाच्या दिवशी उघडेना. शिंपीदादांनी बाहेरून खांदा लावला, तेव्हा उघडले. सुताराने खालची कड रंध्याने काढून दिली. परवाच्या वळवाच्या पावसानंतर ते पुन्हा किंचित धरू लागले आहे, असे काकू म्हणत होत्या. उद्या सकाळी सुतार यायचा आहे, आणि मला त्याच्याआधी तेथे पोचायचे आहे. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन येथेच थांबतो.